अरुणाबाईंचा हात आणि आवाजाचं बटण

मँचेस्टरचे मुरलीधर सबनीस सोमवार ते शुक्रवार एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवारी घरातल्या छोट्या खोलीत गाणी मास्टर करतात. म्हणजे तयार गाणं बाहेर पडण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवतात. नवरी मांडवात जायला निघताना मावशी पदर सारखा करते ना, तेवढंच. पण हल्ली प्रत्येक नवरीला वर किलोभर पावडर हवी असते.

त्या शनिवारी अनुया आली. जन्म इथलाच, वय तेवीस, पहिलं गाणं शुक्रवारी रिलीज.

"काका, माइंड करू नका, पण माझा गाणं फार हळू वाटतो. प्लेलिस्टमध्ये बाकीच्यांच्या पुढे एकदम वीक."

"अगं, गाणी ऐकवणारे अ‍ॅपवाले सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर आणतात. तू जास्त ओरडलीस तर तुझं बटण खाली करतात. आवाज वाढवायला दाबून चपटं केलेलं गाणं मात्र चपटंच राहतं. आणि कोरसच्या आधी कुजबुजतेस ती ओळ? ती कुठे जाणार?"

"तरी पण लाउडच पाहिजे. नाहीतर मी दुसरीकडे करून घेते."

दुसरीकडे त्या ओळीचं काय होईल, हे मुरलीधररावांना ठाऊक होतं. ती ओळ ऐकूनच त्यांनी काम घेतलं होतं. त्यांनी दोन्ही प्रती केल्या, एक चपटी, एक मोकळी. अ‍ॅप करतं तशी दोन्हींची पातळी सारखी केली आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लावायला गेले. तिथे त्यांच्या पत्नी अरुणाबाई पोळ्या लाटत होत्या. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. म्हणूनच सबनीसांच्या घरात शेवटचा निकाल त्यांचा.

चपटी प्रत लागली. दुसऱ्या कडव्याला अरुणाबाईंनी पिठाच्या हाताने बटण खाली केलं. "अहो, डोकं उठलं!"

मुरलीधररावांनी बटण जागेवर आणून मोकळी प्रत लावली. कोरस जवळ आला तसा अरुणाबाईंचा हात पुन्हा बटणाकडे गेला. दारात उभी असलेली अनुया एक पाऊल पुढे आली.

बटण वर गेलं.

"काय म्हणतेय गं ती? कोणाला थांब म्हणतेय?"

"आजीला," अनुया म्हणाली. एवढं कोणी विचारलंच नव्हतं तिला. मग मुरलीधररावांकडे वळून, "काका, हाच पाठवा. पण... हाफ डेसिबल लाउड?"

"पाव," मुरलीधरराव म्हणाले.