साठ पत्रं, एक अक्षर

दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पोस्टकार्ड उचललं तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं. कार्डावर मजकूर फार नव्हता. ‘सुभद्राबाई मंगळवारी गेल्या. दवाखान्यात होत्या. तुम्हाला सांगायचं राहिलं. मालती परब.’ अक्षरं मोठी, एकमेकांपासून लांब उभी राहिलेली; ‘दवाखान्यात’मधलं जोडाक्षर एकदा खोडून पुन्हा काढलेलं. मालतीचं मला आलेलं हे पहिलंच पत्र. मी पिठाच्या हातानेच खुर्चीवर बसले. मंगळवार होऊन सहा दिवस झाले होते. त्या सहा दिवसांत मी बाजारात गेले होते, एका मुंजीला जेवून आले होते, आणि साकीनाक्याच्या त्या घरातलं माणूस नाहीसं झालं होतं... आज या गोष्टीलाही दीड महिना उलटला. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला आधी स्वतःची एक चूक सांगावी लागेल, कारण आमची ओळखच तिच्यातून झाली.

सुभद्रा वाघमारे साकीनाक्याच्या एका गाळ्यात विजेची बटणं जोडायचं काम करत. स्प्रिंग, पितळी पट्टी, स्क्रू, वर प्लास्टिकचं झाकण, दिवसभर तेच. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं. नवरा गिरणीत होता, तो अकाली गेला आणि मुलीला वाढवण्यासाठी बाई या कामाला लागल्या. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. तेवढ्या शिक्षणाला त्यांनी गंज चढू दिला नाही, कारण वस्तीतल्या सगळ्यांची गावाकडची पत्रं त्याच लिहायच्या. मी राहायला पार्ल्यात. अंतर म्हणाल तर बसने अर्ध्या तासाचं. पण एरवी आयुष्यभर आमची गाठ पडली नसती.

तेव्हा मी एका सरकारी रेडिओ केंद्रात तात्पुरती कारकून होते. मोठ्या केंद्राचं हे धाकटं भावंड. उपनगरांतल्या लोकांसाठी दुपारी बारा ते तीन एवढंच बोलायचं. बातम्या, गाणी, नोकरीच्या जाहिराती, बायकांसाठी थोडं, कामगारांसाठी थोडं. घरोघरी टीव्ही येऊ लागला आणि एके दिवशी वरून पत्र आलं की हे केंद्र बंद करण्याचं ठरत आहे, श्रोत्यांची मतं महिनाभरात मागवा. निवेदकाने ते रेडिओवर वाचून दाखवलं आणि पत्रांचा लोंढा सुरू झाला. मुलुंडच्या एका निवृत्त मास्तरांनी अकरा पानं लिहिली, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी कळवलं, ‘खुशाल बंद करा, आता कोण ऐकतं?’ आणि खाली, ताजा कलम, ‘शुक्रवारचं नाट्यसंगीत मात्र दुसरीकडे लावावं.’ नाहूरहून एक पत्र आलं, त्यात दोनच शब्द होते : ‘नका हो.’ सही नव्हती. ही सगळी पत्रं फोडायची, वहीत नोंदवायची, बंद करा म्हणणारे किती, नका म्हणणारे किती ते लिहायचं, हे माझं काम.

मुदत संपायला आठवडा उरला असताना सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आला. साठ पोस्टकार्डं. नावं वेगवेगळी, पत्ते साकीनाक्याच्या आसपासचे, आणि अक्षर मात्र साठही कार्डांवर एकच. गोल, ठसठशीत, ओळ शेवटाकडे थोडी वर चढत जाणारी. मी वरची दोन-तीन चाळली आणि मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. कुणीतरी हौशी माणूस खोटी नावं घालून मतं वाढवतोय! मी कुणाला विचारलंही नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सर्व पत्रे एकाच हस्ताक्षरात. प्रत्यक्ष श्रोता एक.’ वही अधिकाऱ्यांकडे गेली, तिथून वर गेली. पुढच्या पत्रांच्या कार्यक्रमात निवेदक हसत हसत म्हणाला, “साकीनाक्याचे आमचे एक श्रोते तर इतके उत्साही आहेत, की त्यांनी एकट्याने साठ पत्रं पाठवली आहेत!” ती गंमतीची माहितीही त्याला मीच पुरवली होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, एक बाई कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या, काटक, निळी सुती साडी, बोटांच्या टोकांना पितळेचा काळपटपणा. शिपायाने माझ्याकडे बोट केलं.

“पत्रं मोजनाऱ्या बाई तुम्हीच का?”

“हो. काय काम होतं?”

“मी सुभद्रा वाघमारे. तुम्ही साठ बायांची एक बाई केलीत ना, ती.”

मी उभीच राहिले. खुर्ची द्यायचंही सुचलं नाही. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त जड गेलं. त्या म्हणाल्या, “अक्षर माझं हाय, ते खरं. आमच्या चार गाळ्यांतल्या बायांना लिवता येत न्हाई. त्यांनी सांगितलं, म्या लिवलं. पन बोलनं त्यांचं हाय. तुम्ही वाचलीत का?”

मी म्हणाले, “दोन-तीन...”

“मग आता वाचा. मला सुट्टी हाय आज.”

त्या बाकावर बसल्या. मी कपाटातून गठ्ठा काढला आणि त्यांच्या शेजारी बसून वाचायला लागले. मालती परबचं कार्ड होतं : ‘माझ्याकडे घड्याळ नाय. साडेबाराच्या बातम्या लागल्या की मी डबा उघडतंय. रेडिओ गेलो तर माका भूक कधी लागतली?’ हौसा कांबळेचं : ‘माझा पोरगा गेला तवा महिनाभर मी कुणाशी बोलले नाही. रेडिओशी भांडत होते. तो उलट बोलला नाही.’ कुणा एकीने सांगितलं होतं की तिला कार्यक्रम मुळीच आवडत नाहीत, पण गाणी चालू असली की शेठ ओरडत नाही, म्हणून चालू ठेवा. कुणी लिहवून घेतलं होतं, ‘निवेदक ‘श्रोतेहो’ म्हणतो, तेवढंच कुणी आम्हाला अहो-जाहो करतं.’ एकाही बाईचं बोलणं दुसरीसारखं नव्हतं. मालवणी बाईचं मालवणीत, घाटावरच्या बाईचं तिच्या बोलीत, जसं तोंडातून आलं तसं उतरवलेलं. नीटनेटकं करायचा मोह सुभद्राबाईंना झाला नव्हता. अर्ध्या गठ्ठ्यावर मी कार्डं खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “थांबू नका. शेवटची वाचा. शेवटच्यांचं कुनी वाचत न्हाई.”

सगळी वाचून झाल्यावर मी विचारलं, “यात तुमचं कुठलं?”

“माझं राहिलंच,” त्या म्हणाल्या. “कार्डं संपली.”

मी अधिकाऱ्यांकडे गेले, चूक सांगितली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, “अहो, वही वर गेली. आता दुरुस्तीचं पत्र पाठवायचं म्हणजे तुमचंच नाव खराब. साठने काय फरक पडणार आहे?” माझी नोकरी तात्पुरती होती, महिनाअखेरीस मुदत वाढवून मिळायची होती. मी गप्प बसले. यापुढे काहीही केलं असेल-नसेल, त्या दिवशी मी गप्प बसले हे खरं आहे, आणि ते खोडता येत नाही. बाहेर येऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ हाताची बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाल्या, “म्हंजे सही ज्याची, तेवढाच मानूस मोजनार. बरं. मग आता त्या सोताच लिवतील.”

मला वाटलं, रागाने म्हणाल्या. पण पुढच्या शनिवारी न राहवून मी साकीनाक्याला गेले, तर जेवणाच्या सुट्टीत गाळ्यातल्या बायका पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि खडूने आपापलं नाव काढत होत्या. वर फळीवर रेडिओ चालू. दारात शेठ. तो मला म्हणाला, “बेन, आ लोग को समझाव. पुठ्ठा खराब करते हैं.” आणि मग स्वतःच कोपऱ्यातलं एक जुनं खोकं फाडून मालतीपुढे सरकवलं. सुभद्राबाई शिकवायच्या त्यात शाळेतलं काही नव्हतं. अ आ इ नाहीच. ज्या बाईला जे कार्डावर लिहायचं होतं, तेवढीच अक्षरं तिला. हौसाला ‘पोरगा’ लिहायचा होता म्हणून तिला ‘प’ आधी. ती तो ‘प’ रोज काढायची आणि रोज पुसायची. पुढचं अक्षर काढायला तिने आठ दिवस घेतले. बाईंनी घाई केली नाही.

मी दर शनिवारी जायला लागले. काय करायला, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चुका दुरुस्त करायला मी पुढे झाले की बाई डोळ्यांनीच मला मागे सारत. “तिला दिसू द्या,” म्हणत. मुदत केव्हाच उलटून गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी महिन्या-दीड महिन्याने एकोणीस कार्डं आली. एकोणीस अक्षरं, एकोणीस तऱ्हा. काहींवर एकच ओळ, काहींवर नुसतं नाव आणि ‘बंद करू नका’. हौसाच्या कार्डावर होतं : ‘पोरगा गेला. रेडिओ ठेवा.’ मी ती वहीत नोंदवली, एकेक, वेगळ्या ओळीवर. वरून निर्णय त्याआधीच आला होता. महिनाअखेर केंद्र बंद.

शेवटच्या दिवशी मी रजा टाकून गाळ्यात जाऊन बसले. निवेदकाला मी जुनी-नवी सगळी कार्डं देऊन ठेवली होती, आणि सगळं सांगितलंही होतं. अडीच वाजता तो म्हणाला, “मागे मी एका श्रोत्याची साठ पत्रं आली असं म्हणालो होतो. ती साठ श्रोत्यांची होती. मी त्यांची माफी मागतो.” मग त्याने नावं वाचायला सुरुवात केली. ज्या बाईचं नाव येई तिचा हात जागच्या जागी थांबे. मालती कुजबुजली, “माझा नाव... गो, माझा नाव घेतल्यान तेणा.” हौसाने आपलं नाव ऐकलं आणि ती स्क्रू शोधत असल्यासारखी खाली वाकून राहिली. तीन वाजता निवेदकाने नमस्कार केला. मग काहीच नाही, नुसती खरखर. ती बंद करायला कुणी उठेना. शेवटी सुभद्राबाई उठल्या, त्यांनी बटण फिरवलं आणि म्हणाल्या, “चला. हात चालवा.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

निघताना मी म्हटलं, “बाई, या वेळीही तुम्ही तुमचं कार्ड पाठवलं नाहीत.”

“पाठवलं असतं तर त्या म्हनल्या असत्या, बाईचं अक्षर चांगलं, आमचं वाकडं. राहू द्या.”

केंद्राबरोबर माझी नोकरीही गेली. मग पार्ल्याच्याच एका शाळेच्या कचेरीत लागले, लग्न झालं, शनिवार संसारात गेले. साकीनाक्याला जाणं वर्षातून तीन-चारदा होई, मग दोनदा... त्या मात्र कधी ‘का आला नाहीत’ म्हणाल्या नाहीत. मुलगी नर्सिंगला लागली तेव्हा पेढे घेऊन त्या शाळेत आल्या, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि मधली सुट्टी होईपर्यंत त्यांनी मला बोलावू दिलं नाही. पोटात दुखतं, एवढं त्या मागच्या वर्षापासून म्हणत होत्या. अंगावर काढलं. मुलीने ओढून दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता.

शेवटची भेट त्यांच्या घरी, त्या जायच्या दोन महिने आधी. कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या, हात नुसते काड्या झालेले. चार वर्षं मनात ठेवलेलं मी त्या दिवशी बोलले. म्हटलं, “बाई, मी तेव्हा वरपर्यंत जायला हवं होतं. नोकरीला भ्याले.”

त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, “भ्यालात, ते दिसलं होतं मला. राग आलता. मंग शनवारी आलात... म्हनलं, असू दे, बाई येती तर खरी.” आणि हसल्या, हसताना पोट धरावं लागलं. “एक सांगू? एका बाईनं साठ बायांचं बोलनं बोललं, असं कुनाला तरी वाटलं... मला जरा बरं बी वाटलं होतं.” मी त्यांचा हात धरला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मालतीचं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीला भेटले आणि तिथून गाळ्यात गेले. बारा वाजून गेले होते. रेडिओची फळी आता बटणांच्या खोक्यांनी भरलेली. हौसाने मला पाणी दिलं. साडेबाराला डबे उघडले, आणि मालतीने मांडीखालून सकाळचा पेपर काढला. उलगडला, बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. एकेक शब्द उंबऱ्यावर ठेचकाळत यावा तसा. मी हौसाला हळूच विचारलं, “हे कधीपासून?”

“रेडू बंद पडला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं,” ती म्हणाली. “बाईंनीच लावलं. रोज एकीनं वाचायचं. तुम्हाला ठावं न्हवतं?”

मला ठाऊक नव्हतं. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. मीही त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत कधी गेले नव्हते, संध्याकाळी त्यांच्या घरीच जात होते.

बातमी कुठल्याशा मोर्चाची होती. मालती वाचत होती, “मंत्र्यांना... भेटलेलं... शि... शिटमळ...” ती अडली. भाकरी मोडणारे हात थांबले आणि सगळ्या बायकांची तोंडं भिंतीजवळच्या बाईंच्या सतरंजीकडे वळली. तिथे कुणी नव्हतं. कुणी बसलंही नव्हतं. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. हौसाने डबा बाजूला ठेवला, सरकत मालतीपाशी गेली, पेपरावर आपलं पितळेने काळवंडलेलं बोट टेकवलं आणि एकेक अक्षर चाचपत म्हणाली, “शिष्ट... मं... डळ. शिष्टमंडळ.”

मालतीने तो शब्द पुन्हा वाचला आणि पुढची ओळ धरली.