बुरुलचाकडे ठेवायला दिलेली वाटी

बुरुलचा दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मयताला जमलेल्या लोकांनी सादिरकूलला म्हटलं, शेजारी होतास, चार शब्द बोल. तो उभा राहिला, डोक्यावरचा कल्पाक, म्हणजे नमद्याची उंच टोपी, सारखा केला आणि म्हणाला, "ती चांगली बाई होती." आणि खाली बसला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. गळा वगैरे काही दाटला नव्हता. चार शब्द मागितले होते, ते झाले होते आणि पाचवा त्याच्यापाशी नव्हता.

नारिन शहरातल्या त्या पाच मजली इमारतीत दोघं एकाच जिन्याला राहत. ती दुसऱ्या मजल्यावर, तो बरोबर तिच्या डोक्यावर. इतक्या वर्षांत त्याला तिच्याबद्दल काय ठाऊक होतं? दार लावताना ते ती आधी जरा वर उचलायची आणि मग ढकलायची. खोकला आला की शेवटी स्वतःलाच "पुरे" म्हणायची. पूर्वी पोस्टात होती, लोकांची पार्सलं पांढऱ्या कापडात शिवून द्यायची. तिचा नवरा कधी गेला, कशाने गेला, हे सादिरकूलला माहीत नव्हतं. सुरुवातीला विचारायचं राहिलं आणि नंतर इतका उशीर झाला की विचारणंच लाजिरवाणं झालं. जिन्यात भेटली की तो म्हणायचा, "बऱ्या आहात ना, एजे?" एजे म्हणजे ताई, ती त्याच्याहून थोडी मोठी होती. ती म्हणायची, "आहे बाबा, तू?" तोवर हा अर्धा जिना वर गेलेला असायचा.

जे काही खरं बोलणं झालं, ते एका संगणकापायी.

तो संगणक मुलाचा. मुलगा कामाला रशियात गेला आणि ते धूड बापाकडे ठेवून गेला. सुरू केला की पडद्यावर सूचना यायची: तुमची प्रणाली जुनी झाली आहे, यापुढे तिची काळजी कुणी घेणार नाही. सादिरकूलला त्यात काही गैर वाटायचं नाही. त्याचंही तसंच चाललं होतं आणि तोही अजून सुरू होत होता. पण मुलाने फोनवर धोशा लावला, "बाबा, यात नातवाचे फोटोसुद्धा उघडणार नाहीत, बदलून घे." तेव्हा त्याने ते खोकं चादरीत बांधलं आणि बाजारात झानिश मिस्त्रीकडे नेलं.

झानिशचं दुकान म्हणजे रेल्वेने माल येतो तसला एक लोखंडी कंटेनर. तो वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं म्हणाला, "अक्सकाल, नवी प्रणाली घालायची तर आतलं सगळं पुसलं जाणार. तुमचं काही आहे का आत?"

"माझं काय असणार?"

"मग पुसू?"

"नको!" सादिरकूल इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारची मोजेवाली वळून बघायला लागली.

आत झूरा होती. झूरा म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे फोटो भिंतीवर होते. पण तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या खोक्यात. मुलाने कधीतरी गंमत म्हणून फोनवर घेतलेलं लहानसं चित्रण. त्यात ती सैपाकघरात नवऱ्यावर तोंड टाकत होती. "म्हाताऱ्या, झाकण लाव त्या डब्याला! आयुष्यभर झाकणं उघडी टाकलीस. बघा, बघा कसा उभा आहे, दुसऱ्याचाच डबा असल्यासारखा!" बाकीच्यांच्या बायका मागे गाणी ठेवून जातात, सादिरकूलला आठवण म्हणून शिव्या मिळाल्या होत्या. आणि दर शुक्रवारी चहा पिऊन झाल्यावर तो त्या मन लावून खायचा.

"दोन पेन ड्राइव्ह घ्या," झानिश म्हणाला. "एकच प्रत ठेवली म्हणजे ठेवलीच नाही असं समजा. आणि दोन्ही एका घरात ठेवू नका."

हे सादिरकूलला पटलं. त्याचा बाप मेंढपाळ होता. हिवाळ्यात सगळा कळप त्याने कधी एका दरीत ठेवला नाही. झानिशने दोन्हींवर चित्रण उतरवलं आणि खात्री म्हणून दोन्ही लावून दाखवलं. भर बाजारात झूराने त्याला दोनदा झापलं. मोजेवाली म्हणाली, "बाई बोलतेय ते बरोबर आहे."

पहिला पेन ड्राइव्ह कुठे ठेवावा यावर त्याने खूप डोकं चालवलं, म्हणजे मुळात जेवढं होतं तेवढं. कपाटाच्या वरच्या फळीवर नवा कोरा कल्पाक डब्यात होता, पांढऱ्या शुभ्र नमद्याचा. कल्पाक कुणी जमिनीवर ठेवत नाही, विकत नाही, पोरंसोरं त्याला हात लावत नाहीत. याहून सुरक्षित जागा नारिनच्या बँकेतही नसेल. त्याने कल्पाकाची दुमडलेली कड उलगडली, पेन ड्राइव्ह आत सारला, दोन टाके घातले आणि स्वतःवर फार खूश झाला.

दुसरा बुरुलचाला द्यायचा ठरवला. पोस्टात तिने शिवलेलं काही कधी फुटलं नाही असं लोक म्हणत, आणि दुसरं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. नुसताच कसा द्यायचा म्हणून वाटीत साखरेचे खडे घेतले आणि वर तो ठेवला.

"हे काय?" बुरुलचाने दारातच विचारलं.

"साखर."

"आणि साखरेवर?"

"ते ठेवायला. माझ्या घराला आग लागली तर."

"तुझ्या घराला लागली तर माझं सुटेल होय रे? मी खालीच तर राहते."

सादिरकूलने याचा विचारच केला नव्हता. "आग वर जाते, एजे," तो म्हणाला.

"हं. मग ठीक." तिने वाटी घेतली आणि पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तशी म्हणाली, "फुटणारं आहे?"

"नाही."

"नासणारं?"

"नाही."

"मग आहे काय आत?"

सादिरकूल कानापर्यंत लाल झाला. "कागद. जुने कागद."

"कागदाला एवढी साखर!" असं म्हणून तिने दार वर उचललं आणि ढकललं.

दुसऱ्या दिवशी त्याने झानिशला सांगितलं, पूस.

त्याच आठवड्यात तालासहून व्याही आले. लेकीचे सासरे, जाडजूड, मोठ्या आवाजाचे. जेवणं झाली, आशीर्वाद झाले, आणि निघताना रीतीप्रमाणे व्याह्यांच्या डोक्यावर नवा कल्पाक घालायचा होता. सादिरकूलने स्वतः उठून फळीवरचा डबा काढला, स्वतःच्या हातांनी कल्पाक व्याह्यांच्या डोक्यावर ठेवला, "डोकं सदा उंच राहो" म्हणाला आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेला. लाजरा माणूस एकदा चारचौघांत नीट वागला की त्याला बाकी कशाचं भान राहत नाही.

संगणक परत आला. पडदा स्वच्छ, निळा, हिवाळ्यातल्या आभाळासारखा आणि तेवढाच रिकामा. सादिरकूल खुर्चीवर चढला, वरच्या फळीवर हात फिरवला आणि तेव्हा कुठे त्याला व्याह्यांचं डोकं आठवलं.

व्याह्यांना फोन केला. तब्येती विचारल्या, मेंढ्या विचारल्या, खिंडीतल्या बर्फाची चौकशी केली. दिलेला मान परत कसा मागायचा? व्याहीच आपणहून म्हणाले, "कल्पाक झकास होता हो! कपाळाला जरा टोचत होता, पण तुमचा मान, मी सोसला."

"काढू नका तो, मी बघतो काय ते..."

"आता कुठला काढतोय, तो गेला! परवा कझाक पाहुणे आले होते, त्यांच्यातल्या थोरल्याला तोच घातला. एकदम खूश झाले!"

झूरा सरहद्द ओलांडून गेली होती. कुणा अनोळखी कझाकाच्या कपाळाला टोचत.

सादिरकूल लगबगीने एक मजला खाली उतरला. "एजे, ते माझं, वाटीतलं..."

"आज नाही," बुरुलचा म्हणाली. "आज घरात काही नाही. रिकामी वाटी कशी परत देऊ?"

"वाटी राहू द्या. फक्त ते वरचं..."

"वरचं घेऊन जाशील आणि भांडं माझ्या गळ्यात? लोक म्हणतील, बुरुलचाने साखर खाल्ली आणि वाटी दाबली. थांब जरा."

थांबला. काय करणार? दुसऱ्याच्या घरातलं आपलं भांडं पुन्हा पुन्हा मागणारा माणूस सादिरकूलच्या ओळखीत एकच होता, आणि त्याला सगळे हसायचे. मग तो निमित्तं काढायला लागला. तुमच्याकडे पाणी येतंय का. वरून खाली माझा आवाज जातो का. जिन्यातला दिवा तुम्ही काढला का. बुरुलचा म्हणाली, "इतक्या वर्षांत बोलला नाहीस तेवढं या आठवड्यात बोललास. बरा आहेस ना?" खरं म्हणजे त्याला झोप लागत नव्हती. हरवला असेल. मळलेल्या कणकेत गेला असेल. कचऱ्यात गेला असेल. एकदा तर त्याने डोळे मिटून झूराचा आवाज आठवून बघितला. शब्द सगळे आले, आवाज मात्र त्याचा स्वतःचाच. मग त्याला खरंच भीती वाटली.

शनिवारी खालून तळणाचा वास आला. थोड्या वेळाने दारावर थाप. बुरुलचा एक मोठं निळं भांडं घेऊन उभी होती, बोरसोकांनी शिगोशीग भरलेलं. तेलात तळलेले ते फुगीर चौकोन अजून गरम होते.

"तुझी वाटी खाली आहे, तळाशी. हे तिच्यात मावत नव्हतं म्हणून माझ्या भांड्यात आणलं. आणि हे घे."

पांढऱ्या कापडात शिवलेलं काडेपेटीएवढं पार्सल. वर शाईच्या पेन्सिलीने लिहिलेलं: सादिरकूल, तिसरा मजला.

"बिश्केकहून भाची आली होती," ती म्हणाली. "तिच्या यंत्रावर बघितलं मी. कागद म्हणालास ना, मग कागद बघायला काय हरकत?"

सादिरकूलने पार्सल मुठीत लपवलं.

"छान बोलते," बुरुलचा म्हणाली. "झाकणाचं अगदी खरं आहे. तुझी झाकणं पडतात ती मला खाली ऐकू येतात." आणि जिना उतरून गेली.

त्याने सुरीने टाके उसवले. टाके इतके बारीक होते की बोट कापलं. पेन ड्राइव्ह संगणकाला लावला. पडद्यावर एकाच्या जागी दोन चित्रणं होती. पहिलं उघडलं. "म्हाताऱ्या, झाकण लाव त्या डब्याला!" सादिरकूलने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि शेवटपर्यंत बोलणी खाल्ली. मग दुसरं उघडलं.

खालचं अंगण. नोरूझचा, नव्या वर्षाच्या सणाचा दिवस. मोठ्या कढईत गव्हाच्या मोडांचं सुमोलोक रटरटतंय आणि झूरा हातभर लांब काठीने ते ढवळतेय. बाह्या वर, तोंड लाल, हसतेय. चित्रण घेणारी भाची असावी. बुरुलचा दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा होता. "तुझा म्हातारा कुठाय गं?"

"वर. माणसं दिसली की जिना चढतो तो."

"मग त्याला नको द्यायला."

"असं कसं! एक वाटी काढून ठेव त्याच्यासाठी. तळातली, करपलेली. त्याला तीच आवडते. सांगणार नाही कधी, पण चाटूनपुसून खातो."

"तू सांगितलंस म्हणून ठेवते हं."

"दर वर्षी ठेवतेस की गं," झूरा म्हणाली, आणि चित्रण संपलं.

दर वर्षी नोरूझला दाराबाहेर झाकलेली एक वाटी असायची, झूरा गेल्यानंतरसुद्धा. सादिरकूलला वाटायचं, इमारतीतर्फे सगळ्यांनाच वाटत असतील.

खाली जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. तो तीनदा दारापर्यंत गेला. काय बोलणार? बोरसोक चांगले होते? ते संपेपर्यंत थांबावं आणि मग भांडं परत द्यायला जावं, असं ठरवलं. बोरसोक संपले. मग रिकामं भांडं कसं न्यायचं, हा पेच पडला. यातच हिवाळा लागला.

एका दुपारी ती पावाची पिशवी घेऊन जिना चढत होती आणि तो उतरत होता. या खेपेला तो थांबला. पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"एजे, तुमचं भांडं माझ्याकडे राहिलंय."

"माहीत आहे. रिकामं आणू नकोस म्हणजे झालं."

"नाही आणत. काय घालू?"

"काहीही घाल. कांदे घाल. माझे संपलेत."

"उद्याच आणतो."

"उद्या नको, उद्या मला दवाखान्यात जायचंय. परवा आण."

"बरं. परवा."