रोमचे स्थलदर्शन, मार्गे भोईर

विषय : कु. सायली भोईर हिचे रोम येथील स्थलदर्शन व त्यामुळे भिवंडीतील एका बाकावर उद्भवलेली परिस्थिती.

संदर्भ : तिचे आजोबा श्री. भोईर यांचा मोबाइल, रोज संध्याकाळी, मोठ्या आवाजात.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचे ते असे, की किस्से टेबलावरच्या फायलींसारखे साचतात. प्रत्येक फाईल येते तेव्हा एकटीच असते. मग एक दिवस समोरचा माणूस दिसेनासा होतो. माझ्या बाबतीत तो माणूस भोईर आहे, त्यामुळे दिसेनासा झाला तरी चालले असते. पण तो ऐकू येतो.

आम्ही दोघे एकाच कचेरीतून निवृत्त झालो. मी आवक-जावकला होतो, भोईर बांधकाम परवानगीला. कोणताही कागद पुढे आला की चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणायचा, "ठेवून जा. बघतो." या तीन शब्दांवर त्याने नोकरी काढली. घराच्या परवानगीसाठी आलेली माणसे नातवंडांना घेऊन चौकशीला येत. आता आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि संध्याकाळी शुक्लाच्या टपरीसमोरच्या एकाच बाकावर बसतो.

रोम हे माझे शहर आहे. म्हणजे मी तिथे गेलेलो नाही. पण वाचनालयातले रोमवरचे एकही पुस्तक माझ्या तावडीतून सुटलेले नाही. तिथल्या सातही टेकड्यांची नावे मी झोपेतून उठवले तरी सांगेन. भोईरने आयुष्यात पंचांग आणि वीजबिल सोडून काही वाचलेले नाही. आणि कापडाचे शिक्षण घ्यायला इटलीला गेली ती नात कोणाची? त्याची. चार दिवस सुट्टी मिळाली की ती मैत्रिणींबरोबर रोमला जाते, जसे आपण गणेशपुरीला जाऊन येतो.

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलमध्ये तिने ते जगप्रसिद्ध गोल प्रेक्षागृह दाखवले, कलोसियम. मी बाकावरून उठून उभा राहिलो. भोईरने फोन हातभर लांब धरला, मान तिरकी केली आणि अनुभवी नजरेने पाहणी केली.

"एक बाजू गेलीच की गं याची. आत राहतं कोण?"

"कोणीच नाही आजोबा."

"मग ठीक आहे. नाहीतर आधी खाली करायला लावलं असतं."

मी त्या बाजूचा दगड कसा गेला, भूकंप कसा झाला, हे सांगायला सुरुवात केली. भोईरने मला हाताने थांबवले. "काळे, ती तिथे उभी आहे. तिला सांगू दे."

तिला भूकंपाबद्दल काहीच माहीत नव्हते. तिने रांगेबद्दल सांगितले.

*

एका रविवारी भोईर मला अंजूरला त्याच्या बहिणीकडे जेवायला घेऊन गेला. जेवण निमित्त होते. बहिणीला नातीचा फोन दाखवायचा होता, आणि साक्षीदार म्हणून मी. त्या दिवशी सायली प्राचीन रोमच्या मुख्य चौकात होती. मोडके खांब, गवत, कमानी, लांबवर पसरलेली मोकळी जमीन. पुस्तकात हे पान आले की मी ते लवकर उलटत नसे.

म्हातारीने पदराने फोनची काच पुसली. खिडकीबाहेर त्यांच्याच भातशेतावर उभ्या राहिलेल्या गोदामाकडे एकदा पाहिले आणि पुन्हा फोनकडे.

"एवडी जागा रिकामी हाय? आन् कुनी गोडाऊन न्हाय बांधलं?"

सायली म्हणाली, आत्याआजी, हजारभर वर्षं अशीच आहे.

"मंग वारसांचं भांडन असल," म्हातारी म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

*

तिकडे कॉफी उभ्याने प्यायली तर एक दर आणि खुर्चीत बसून प्यायली तर दुसरा, ही गोष्ट सायलीला बिल आल्यावर कळली. पाय दुखत होते म्हणून ती चौकात खुर्ची बघून बसली होती. तिचे म्हणणे असे की त्या दिवशी तिने कॉफी उभ्याने प्यायली असती तर उरलेल्या पैशांत जेवण झाले असते, आणि जेवणही उभ्यानेच.

मला हे ठाऊक होते. पुस्तकात आहे. पण मला कोणी विचारले नव्हते.

भोईर हा किस्सा इतक्या मोठ्याने सांगत होता, की शुक्लाने गॅस बारीक करून पूर्ण ऐकला. मग आमच्या बाकाकडे पाहिले. एका कटिंगवर आम्ही तिथे किती वेळ बसतो हे त्याच्याएवढे कोणालाच ठाऊक नाही.

"चाचा," तो म्हणाला, "ये इटलीवाले समझदार लोग हैं."

दुसऱ्या दिवशी त्याने बाक धुऊन काढला. आम्ही दोघेही जरा कडेला बसलो.

*

तिथल्या मोठ्या चर्चमध्ये खांदे उघडे टाकून जाता येत नाही. सायली आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्याच बिनबाह्यांच्या कपड्यांत आलेल्या. दारावरच्या माणसाने त्यांना परत पाठवले. सायलीजवळ ओढणी होती. ती पांघरून एक मैत्रीण आत गेली, चर्च पाहून आली, मग दुसरी, मग तिसरी. तोवर मागच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईंनीही खुणेने ओढणी मागून घेतली. सायली दुपारभर पायऱ्यांवर ओढणीची वाट पाहत बसली आणि शेवटी तिची पाळी आली तेव्हा दार बंद झाले.

आमच्या शेजारचे अन्सारीभाई यंत्रमागवाले आहेत. सायली जाताना त्यांनीच स्वतःच्या मागावरचे कापड रंगवून आणून तिला ती ओढणी दिली होती. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी सगळे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाले, "अपना माल अंदर तक गया, काले साहब!"

मी मान हलवली. मनात हिशेब झाला होता. भिवंडीची ओढणीसुद्धा आत जाऊन आली.

*

एकदा मला राहवले नाही. फोनमध्ये डोके घालून मी सायलीला सांगितले की आता डावीकडे वळ, पुढे एक छोटा चौक लागेल, तिथे एका जुन्या पुस्तकविक्रेत्याचे दुकान आहे, लाकडी जिना आहे, वर बसून वाचता येते. ती बिचारी गेली. वळली. चालत राहिली. तिच्या मागे सगळ्या मैत्रिणी.

"काळे आजोबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथे मोबाइलची कव्हरं मिळतात."

माझे पुस्तक जुने होते. भोईरने ही बातमी मंडईपर्यंत पोचवली. आठवडाभर मला लोक रस्ता विचारत होते, तेही इथल्याच कल्याण नाक्याचा.

*

रोममध्ये एक कारंजे आहे. त्याच्याकडे पाठ करून खांद्यावरून नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो, असे मानतात. सायलीने स्वतःसाठी एक टाकले, आजोबांसाठी एक टाकले आणि म्हणाली, "हे काळे आजोबांच्या नावाने." नाणे पाण्यात पडल्याचा आवाज फोनमधून आला. मी तो स्पष्ट ऐकला.

"तो गेलाय कुठे पुन्हा यायला?" भोईर म्हणाला.

तेव्हा ती म्हणाली, आजोबा, तुम्हीच या ना, मी फिरवते. भोईर म्हणाला, छे, आपण नाही विमानात बसणार, गुडघे अवघडतात. असे त्याने आधीही दोनदा सांगितले होते. मात्र फोन येण्याआधी तो केस नीट विंचरून बसतो हे मी पाहिलेले आहे. सायली म्हणाली, "मग काळे आजोबा, तुम्ही तरी या. तुम्हाला तर सगळं पाठच आहे."

भोईरने चहाचा रिकामा ग्लास तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी पासपोर्टचा अर्ज केला. भोईरला सांगितले नाही. ज्याला नात रोमला असूनही जायचे नाही, त्याला कशाला सांगायचे?

*

चौकशीला पोलीस घरी आला. सभ्य होता. कागद देऊन म्हणाला, इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडा आणि ठाण्यावर आणून द्या. पत्ता मात्र इथलाच हवा.

अन्सारीभाईंनी कागद न वाचता सही केली. "जाइए. बस, वापस आ जाइए," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या सहीसाठी मी सगळे मजले चढलो आणि उतरलो. भाडेकरू सगळे चांगले आहेत, पण कोणाच्या आधारवर आझमगड, कोणाच्या आधारवर सोलापूर. कायम पत्ता या इमारतीचा असलेला माणूस एकच उरला.

तो झोपाळ्यावर बसला होता. मी कागद पुढे केला. मला वाटले होते तो हसेल, टोमणा मारेल, मंडईपर्यंत बातमी नेईल. तसे काही झाले नाही. पंचांग आणि वीजबिल सोडून काही न वाचणाऱ्या त्या माणसाने माझा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"रोमला?" त्याने विचारले.

"हो."

"सायलीकडे?"

"ती फिरवते म्हणालीय."

झोपाळा दोनदा पुढे-मागे झाला. भोईरने चष्मा कपाळावर सरकवला.

"ठेवून जा," तो म्हणाला. "बघतो."

सबब, अर्ज प्रलंबित आहे.