मदत न करणारे दाजी

आमच्या दाजींइतका मदत न करणारा माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यांना पगारच त्याचा मिळतो. मोबाईलची अ‍ॅप अंध, बहिऱ्या, थरथरत्या हातांच्या माणसांना वापरता येतात का, हे पाहणं त्यांचं काम. पार्टिसिपंट, म्हणजे वापरून पाहणारा, अडखळला तरी सुचवायचं नाही, नुसतं बघत बसायचं, असा त्या चाचणीचा दंडक. दाजींनी तो वराळ्याच्या घरीही लागू केला. पाहुण्याने बाथरूम कुठे आहे विचारलं, की दाजी मऊ आवाजात म्हणतात, "तुम्हाला कुठे असावंसं वाटतं?" बिचारा थेट देवघरात शिरून परत येतो, आणि दाजी घराची रचनाच चुकली म्हणून हळहळतात. चूक माणसाची कधीच नसते, वस्तूची असते, ही त्यांची श्रद्धा. त्यामुळे ताईने भात करपवला तरी बोलणी कुकरला बसतात. एकदा त्यांनी माझ्या आत्याला पोहे दिले आणि खाताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, असं बजावलं. त्यांच्याकडे याला 'थिंक अलाउड' म्हणतात. आत्या खरंच बोलली, आणि ताईने दिवाळीपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

दाजींचे वडील, आबा, औंढ्याला असतात. नजर गेल्यापासून त्यांनी फोन करणंच सोडलं होतं. बेडशाचे कासमभाई त्यांचे जिवलग, पण त्यांनाही दुसऱ्याने नंबर लावून द्यायचा हे आबांना सहन होईना. "माज्या दोस्ताशी बोलाया मला मानूस लागतो व्हय?" म्हणाले आणि गप्प झाले. आबांच्या त्या गप्प बसण्याची दाजींना फार धास्ती वाटायची. शेवटी त्यांनी बोट फिरवलं की नाव बोलून दाखवणारा फोन आणला, आबांच्या हातात दिला, आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून माझ्याशेजारी, त्यांच्या समोर बसले.

आबांनी आधी गॅसवाल्याला लावला. मग माझाच फोन खिशात वाजला. मला राहवेना, मी हात पुढे केला, तर दाजींनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. आबांचं बोट पुन्हा काचेवर फिरू लागलं. फोन म्हणाला, "कासमभाई." बोट थांबलं आणि दोनदा टेकलं.

फोन कुणी लावून दिला, हेच कासमभाईंनी पहिल्यांदा विचारलं.

"म्याच लावला," आबा म्हणाले. "हितं कुनीबी न्हाई."

आम्ही दोघं त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण पार्टिसिपंटचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांनी नाकसुद्धा ओढलं नाही.