दुपारीच दिसणारी दुर्बीण

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला राहायचो आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसायचो. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र मालवणकडचा. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. त्याचे बांगडे अर्धे माझे, माझी भेंडी मात्र पूर्ण माझीच. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण होती, ती मी विकत घेतली. क्रिकेटमध्ये अंपायर चुकतो हे मला नुसत्या डोळ्यांनी दिसायचंच. आता पुराव्यानिशी ओरडायचं होतं.

शनिवारी अर्धा दिवस काम, दुपारी तिथून सरळ त्याच्या घरी गेलो. दुर्बीण गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली होती. डोळ्याला लावली, तर लांबच्या खाडीकाठच्या तिवरांतल्या बगळ्याचा डोळासुद्धा दिसला.

"झकास!" म्हणालो आणि घेऊन आलो.

रविवारी सकाळी मैदानावर गेलो. डिसेंबर होता, आणि मुलुंडला डोंगर जवळ, त्यामुळे थंडीही बरी होती. दुर्बीण लावली. सगळीकडे ताक सांडल्यासारखं पांढरं. मधलं चाक फिरवायला गेलो, तर जाम.

"काय दिसतंय?" बाकावरच्या एकाने विचारलं.

"धुकं आहे," मी म्हणालो. धुकं कुठेच नव्हतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, मेथीची जुडी उलटीपालटी करून घेता, आणि ही तशीच आणलीत?"

"मित्राकडून घेताना कोणी तपासतं का?"

"म्हणूनच मित्राला विकतात."

हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात होतं. सोमवारी गेल्या गेल्या दुर्बीण त्याच्यापुढे ठेवली. "बिघडलेली गळ्यात मारलीस ना?"

"माझ्याकडे चांगली होती. तूच पाडली असशील." त्याने ती खिडकीत ठेवली आणि दुपारी कारखान्याच्या आवारात नेऊन डोळ्याला लावली. "दिसतंय की! बघ, कावळ्याची चोच."

मी बघितलं. चोच दिसली. चाकही लोण्यासारखं फिरलं. आता माझा संशय आणखी वाढला. सकाळभर ती याच्याच खिडकीत होती; याने गुपचूप काय केलं?

"डोळे दाखव रे कुणालातरी," तो म्हणाला.

त्या दिवसापासून आमचे डबे एकमेकांकडे पाठ करून उघडू लागले. बांगड्याचा वास यायचा, बांगडा यायचा नाही. ती दुर्बीणही नीट नाही आणि हा मित्रही नीट नाही, असं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगायचो आणि मुकाट्याने भेंडी खायचो.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच ताक. मग मात्र सोमवारी मी त्याला म्हणालो, "येत्या रविवारी सकाळी मैदानावर ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तो आला. स्वेटर घालून, तोंड पाडून. "उगाच बोलावलं असशील तर बघ हां."

त्याने दुर्बीण लावली. चाक फिरवलं, ते फिरेना. मी विजयी मुद्रेने बाकावर बसलो. तेवढ्यात त्याने दुर्बीण नाकाला लावली.

"देवा म्हाराजा!"

"काय झालं?"

"चाक करकरत होतं. तुला देण्याआधी मी खोबरेल सोडलं रे त्यात. चांगलं भरपूर. काचेपर्यंत गेलं असणार."

थंडीत रोज आंघोळीआधी गोठलेली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणारे आम्ही दोघं! त्याच्या गॅलरीत तेल पातळ, मुलुंडच्या सकाळी पांढरं घट्ट. मला हसू आवरेना.

तो हसला नाही. "दे इकडे. मीच नीट करून आणतो."

"राहू दे रे. मी आधी उन्हात ठेवत जाईन."

"आणि सकाळच्या मॅच? माझ्या हातून बिघडलेली तुला दिली. मला कळलं नव्हतं, पण म्हणून ती तुझ्या माथी का?" त्याने दुर्बीण पिशवीत घातलीसुद्धा.

घाटकोपरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून काचा उघडून, पुसून, पुन्हा बसवून त्याने ती आणली. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे ठेवली. शेजारी त्याचा डबा, तोंड माझ्याकडे. मी आधी बांगड्याचा एक तुकडा उचलला. मग दुर्बीण उचलली, आणि डोळ्याला लावायच्या आधी नाकाला लावली.

"अजून संशय?"

"वास येतोय," मी म्हणालो.

"तो तुझ्या बोटांचा रे," म्हणत त्याने उरलेला बांगडा माझ्याकडे सरकवला.