वखारीचे झरोके

धुळ्यात आमच्या दुकानाखाली केळी पिकवायची जुनी वखार आहे. चौदा दगडी पायऱ्या उतरायच्या. वर रस्त्याच्या पातळीला पाच झरोके. वडिलांच्या काळी फैजपूरकडून हिरवे घड यायचे. ते आत रचायचे, कोपऱ्यात धूर करायचा आणि झरोक्यांत ओलं बारदान कोंबून दार लावायचं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की वडील आधी दोरीने पेटता कंदील खाली सोडत. कंदील विझला तर आत हवा नाही, कोणी उतरायचं नाही. लहानपणी तो दोर मी धरायचो.

आता केळी शीतगृहात पिकतात. वखार रिकामीच होती. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तेव्हा सुट्टीच्या दिवशी टेक्नो, हाउस असलं संगीत वाजवायची. गेल्या वर्षी मे महिन्यात घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, एक रविवार दुपार द्या ना वखार. पुण्यात असल्या जागेसाठी लोक जीव टाकतात." बारावीनंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

दुपारी तीनला सुरू झालं. जळगावहून, सोनगीरहून साठेक पोरंपोरी आली. तासाभराने मी खाली डोकावलो आणि मला किळस आली. विहिरीवरचं इंजिन चालावं तसा एकच ठोका, ना शब्द, ना चाल. लाल उजेड. घामाचा, सेंटचा, सांडलेल्या बिअरचा वास. ओल्या पाठी एकमेकींना घासत होत्या. वडील कंदील ठेवत त्या कोनाड्याखाली एक जण ओकत होता आणि त्याचा मित्र त्याची पाठ चोळता चोळता नाचत होता. एका यंत्रातून पांढरा धूर येत होता. त्या सगळ्याच्या मागे माझी मुलगी डोळे मिटून उभी होती, कानाला एका बाजूने हेडफोन लावून. इतकं सुखी मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचीही किळस आली. हे लिहायला जड जातंय.

वर आलो तर समोरच्या घरातल्या अक्का ओट्यावर उभ्या.

"भाऊ, पोरना लगीनना बँड आतेच वाजाडी लिधा का? मन्हा बठ्ठा कप नाची ऱ्हायनात!"

अक्कांच्या घरातले सगळे कप नाचताहेत हे ऐकून शेजारचे दोघे हसले. "अक्का, नवरदेव कुठेय ते तरी विचारा," एक जण म्हणाला.

आवाज झरोक्यांतून येत होता. खाली जाऊन मुलीला आवाज कमी करायला सांगणं एवढंच करायचं होतं. पण मला पुन्हा ते बघायचं नव्हतं. दुकानामागे बारदान पडलं होतं. नळाखाली भिजवलं आणि पाचही झरोक्यांत कोंबलं, वडील कोंबत तसं, कडा आत दुमडून. मग वरचं दार लोटून घेतलं. हात आपोआप चालले. कंदील आठवला नाही असं मला म्हणता येणार नाही. तिसऱ्या झरोक्याशी आठवला होता. अर्ध्या तासाने काढू, असं मी मनाशी म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा ठोका थांबला होता. दाराआडून ओरडणं ऐकू येत होतं. पोरं दार ढकलून, एकमेकांना धक्के देत, खोकत वर येऊ लागली. त्या वेळी मी दाराकडे गेलो नाही. आधी झरोक्यांकडे गेलो. बारदान ओढून काढलं. हवा आत जायला हवी होती हे खरं, पण काढल्यावर ते मी हातगाडीखाली ढकललं आणि वरून रिकामी क्रेट ठेवली. तेवढा वेळ मी घेतला. मग पायऱ्या उतरलो.

मुलगी जळगावच्या एका मैत्रिणीला काखेत धरून वर ओढत होती. मैत्रिणीचे ओठ निळसर पडले होते. मुलीच्या कपड्यांवर ओकारी होती, तिची की दुसऱ्या कोणाची कळत नव्हतं. मैत्रीण दोन दिवस दवाखान्यात होती. वाचली. डॉक्टर म्हणाले, घुसमट. एवढी माणसं तळघरात नेतात का?

त्या रविवारीच संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. "बाबा, चूक माझी आहे. माणसं जास्त बोलावली, ते धुराचं यंत्र लावलं. आजोबांच्या जागेत मी हे केलं. मला माफ करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणालो. "माफ केलं."

तिने वाजवायची यंत्रं विकून टाकली. आता फोनवर नोकरीबद्दल बोलते, जेवणाबद्दल बोलते. संगीताचा विषय काढत नाही आणि मीही काढत नाही. बारदान अजून हातगाडीखाली आहे. वाळून कडक झालंय, पण दुमडलेल्या कडा तशाच आहेत. दिवाळीला ती येईल तेव्हा ते बाहेर काढून तिच्यासमोर ठेवायचं, असं मी ठरवलंय. गेल्या दिवाळीलाही ठरवलं होतं.