शिळ्या पाण्यातले मासे

फोन ठेवू नकोस, जरा निवांत बस. आणि आधी हे सांग, "आमच्या ताईला म्हातारपणी मासे पाळायचं खूळ लागलंय" असं साऱ्या गोतात सांगत फिरलीस, ते कुणाला विचारून? पैठणहून इथं यायला एसटी आहे, रस्ता आहे, तुला पाय आहेत. यायचं नाव नाही, फोनवर हसायला मात्र बरं जमतं. धाकटी म्हणून ऐकून घेते. आता तू ऐक, आणि मधे बोलू नकोस.

तुझ्या दाजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आली होतीस, डबे आणलेस, ते मी विसरले नाही. पण तू गेल्यानंतरचं तुला कुठं माहीत आहे? इतकी वर्षं ज्या माणसानं हर्सूल तलावावर चक्कर मारल्याशिवाय चहा घेतला नाही, तो माणूस पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हाड जुळलंय, पण आता चालले नाहीत तर कायमचे बसतील. व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. ती गोड आवाजात "बाबा, एकच पाऊल" म्हणायची, की हे डोळे मिटून घ्यायचे. वॉकर नवाकोरा, भिंतीला टेकलेला. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले, तरी हे काही बोलले नाहीत. संसारात माझी एक चूक कधी सोडली नाही या माणसानं. चहात साखर जराशी जास्त पडली तरी बोलून दाखवणार. तो माणूस वॉकरवरचा ओला टॉवेल बघतो आणि गप्प बसतो, म्हणजे काय समजायचं?

आमच्या भिंतीला भिंत लागून आपा राहतात, त्यांचा शीरखुर्मा तू दोन वाट्या चापला होतास. त्यांच्या बैठकीत माशांची काचेची टाकी आहे. नुसते मासे नव्हे, आत हिरवंगार रान. लांब गवत डुलतंय, त्यातनं मासे येतायत, जातायत. मी साखर मागायला जायची आणि तिथंच बसून राहायची. एक दिवस मनात आलं, हे तळ्यापाशी जात नाहीत ना, मग तळंच घरी आणू.

पण ते ठेवायचं कुठं, त्यात खरी मेख होती. खुर्चीसमोर ठेवलं तर हे आणखी घट्ट बसणार. म्हणून मी जागा धरली ती हॉलच्या पार त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारापाशी. खुर्चीतून काहीतरी हिरवं चमकतंय एवढंच दिसावं, नीट बघायचं तर उठावंच लागेल. आपांना बेत सांगितला तर म्हणाल्या, "भाबी, तुम तो पक्के निकले."

मग सुरू झाली धांदल. गुलमंडीकडच्या दुकानातून छोटी टाकी आणली, दिवा आणला, पाणी गाळायचं यंत्र आणलं. त्याच्यात एक स्पंजाचा तुकडा असतो, तो ध्यानात ठेव. तळाला मातीचा थर द्यायचा, वरून बारीक खडी. माती मी पिठाच्या चाळणीनं चाळली. नाक मुरडू नकोस, चाळण नवी घेतली नंतर. खडी तांदळासारखी धुतली, धुवून धुवून हात पांढरे पडले, तरी गढूळ पाणी निघतच होतं. आपा म्हणाल्या होत्या, पाणी एकदम ओतू नका, माती वर येईल. मग मी आत एक ताटली ठेवली आणि तिच्यावर तांब्यानं हळूहळू धार सोडली, अभिषेकासारखी. रोपं आपांनीच दिली. मुळं खडीत खोचायची, बोटांनी जमेना, शेवटी पापड भाजायचा चिमटा घेतला. एक रोप लावावं तर शेजारचं तरंगत वर यावं. मी त्यांना शिव्या घालतेय आणि हे खुर्चीतून ऐकतायत.

त्यात आपांचं म्हणणं, लगेच मासे सोडायचे नाहीत. पाणी मुरू द्यायचं, आठवडे जाऊ द्यायचे. मला कळेना, लोणचं मुरतं, पाणी कसलं मुरतं? पण थांबले. तर एक दिवस खुर्चीतून आवाज आला, "मासे नाहीत, नुसता चारा लावलाय. म्हैस बांध आता तिथं."

तुला सांगते, त्या टोमण्यानं मला फार बरं वाटलं.

शेवटी मासे आले. गप्पी म्हणतात त्यांना, बोटाच्या पेरापेक्षा लहान, शेपट्या मात्र पैठणीच्या पदरासारख्या. हे लांबूनच मान उंच करून बघायचे. दोन दिवसांनी म्हणाले, ती टाकी इकडं सरकव. मी म्हटलं, भरलेली टाकी हलवता येत नाही, काच तडकते. ते म्हणाले, मग राहू दे. आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. माझा बेत तिथंच फसला. रात्री मी भाकरी थापताना आपल्याशीच म्हणत होते, झालं, आता हे उठत नाहीत.

आता नळाचा दिवस. तुमच्याकडं गोदावरी उशाशी, तुला काय कळायचं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, इतक्या दिवसांनी येतं की सणासारखी वाट बघावी. आणि आलं की बायका काय करतात? ड्रममध्ये उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देतात, ड्रम घासतात आणि ताजं भरतात. जिथं थेंबाथेंबाला जपायचं तिथंच हा रिवाज, आणि मीही त्यातलीच. आपली आई तेच करायची.

त्या दिवशी नळाला मोठी धार होती. हंडे झाले, ड्रम झाले, अंगात वारं भरलं होतं. नजर टाकीवर गेली. मनात आलं, हे बिचारे कधीपासून शिळ्या पाण्यात पोहतायत. मासे पातेल्यात काढले. टाकीतलं सगळं पाणी उपसलं. काच घासली. तो स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढराशुभ्र केला. आणि ताज्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरून मासे सोडले. आरशासारखी चकचकीत दिसत होती. मी समाधानानं कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तिथं मागच्या गल्लीतल्या बाईशी बोलत बसले.

खाली आले तर खुर्ची रिकामी.

पलंगही रिकामा. आणि मग दिसलं, हे टाकीपाशी उभे. वॉकर धरून, टॉवेल खांद्यावर टाकून. टाकीतलं पाणी दूध सांडल्यासारखं झालं होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मला बघताच सुरू झाले, "दोन हाका मारल्या, गच्चीवर बहिरी झाली होतीस का? काय केलंस हे? चांगली चाललेली गोष्ट तुला बघवत नाय ना?"

मी रडावं की हसावं? मासे मरायला टेकलेत आणि माझा नवरा स्वतःच्या पायांवर उभा राहून मला बोलतोय. मी तशीच आपांकडं पळाले.

आपांनी येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "क्या कर दिए भाबी, पुरानाच पानी तो इनका घर है." त्यांनी समजावलं ते असं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांना सोसत नाही. आणि त्या मळकट स्पंजातच पाणी निर्मळ ठेवणारे जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे. ते मी नळाखाली धुऊन टाकले. आता शिळं पाणी हवं, आणि आमच्या घरात ते थेंबभर नव्हतं, सगळं मीच सकाळी ओतलेलं. आपा मात्र माशांसाठी एक ड्रम कधीच रिकामा करत नाहीत. त्यातनं आम्ही दोघींनी बादल्या आणल्या. आपांनी स्वतःच्या टाकीतला जुना स्पंजही अर्धा कापून आणला.

एकदम बदलू नका, त्या म्हणाल्या, थोडं काढा, थोडं घाला, दमानं. मी तांब्या घ्यायला हात पुढं केला तर यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. संध्याकाळभर ते टाकीपाशी. थकले की स्टुलावर टेकायचे, परत उठायचे, तांब्या काढायचा, तांब्या घालायचा. मला जवळ येऊ दिलं नाही. दोन मासे गेले, खोटं कशाला सांगू. गवताची पानं पण गळून विरघळली. बाकीचे मासे वाचले.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा हंडा घेऊन निघाले तर बघते, हे वॉकर आडवा लावून टाकीसमोर उभे. म्हटलं, मी काही करत नाही. म्हणाले, "तुझा भरवसा नाय. पाणी जाईपर्यंत मी हलत नसतो." आणि नळ बंद होईस्तोवर उभे राहिले. ती व्यायामाची पोरगी आली, तर तिला म्हणाले, तुझं काय ते लवकर सांग, मला टाकीकडं बघायचंय. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

तेव्हापासून एक बादली त्यांची. तिच्यात पाणी भरून ठेवतात आणि शिळं होऊ देतात, दिवसातून कितीतरी वेळा जाऊन बघतात. पाणी काय बघायचं असतं गं? पण मी विचारत नाही. वॉकर जाऊन काठी आली. मागच्या आठवड्यात सकाळी बूट मागितले. आम्ही रिक्षानं तलावावर गेलो, पहिल्या बाकापर्यंत चालले, बसले, परत आले. येताना म्हणाले, एवढ्या पाण्याला कोणी घासत नाही म्हणून बरं चाललंय.

आता गवत इतकं माजलंय की टाकीत मावत नाही. चार-पाच दिवसांमागं यांनी कात्रीनं छाटलं आणि चार रोपं काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवली. म्हणाले, मेहुणीला दे, तिला फार हसू येतंय ना. रोज त्या बरणीकडं बघून विचारतात, आली का ती? मी किती दिवस काय सांगू? तू ये बाई लवकर. सकाळची एसटी धर आणि राहायला ये.